कोंबड्याच्या हवाली केलेला बुरूज

मी एक जुना बुरूज आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणे गाणार नाही. माझ्या माथ्यावरच्या चर्या, म्हणजे दगडी दाते, गेल्या, वरचे लाकडी छत गेले, उत्तरेच्या कोपऱ्याला हात जाईल एवढी भेग पडली. तरीही पेन्यारोब्ले गावात शिरणारा माणूस आधी मान वर करून मला बघतो आणि मग चर्चची वाट विचारतो. म्हातारपणी इतका मान खूप झाला.

माझा जन्म स्पेनमधल्या कॅस्टिलच्या पठारावरचा. इथे झाडी कमी, वारा फार, आणि उन्हाळ्यात जमीन सिंहाच्या कातडीसारखी दिसते. मी ज्या खडकावर उभा आहे तिथे माझ्या आधी मूर लोकांचा, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांचा, कोट होता. तो कोट मातीचा होता. मातीचा म्हटल्यावर हसू नका. फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात माती, चुना आणि खडी घालायची, माणसांनी वर चढून धुमसाने ठोकायची, मग साचा उचलून पुढे सरकवायचा. साचा धरून ठेवणाऱ्या दांड्या काढल्या की भिंतीत ओळीने भोके राहतात. त्या भोकांत आजही पाकोळ्यांची घरटी आहेत. पाऊस पडून, ऊन लागून, वर्षे उलटून ती माती इतकी घट्ट होते की पहारीने ठिणगी उडते.

पुढे कॅस्टिलच्या लोकांनी हा खडक जिंकला. नव्या सरदाराला दगडी बुरूज हवा होता. बांधणारे मात्र गावात मागे राहिलेले मूर गवंडीच होते. त्यांच्या मुकादमाचे नाव युसाफ. त्याने जुनी मातीची भिंत पाडली नाही. तिच्यावर पाठ टेकवून त्याने मला उभे केले. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, आणि मधल्या पोकळीत चुन्यात कालवलेले गोटे. सरदाराचा कारभारी रोज येऊन विचारायचा, "अजून किती दिवस?"

"चुना वाळला की," युसाफ सांगायचा.

"तो कधी वाळणार?"

"त्याला विचारून सांगतो," असे म्हणून तो पुन्हा ओळंबा सोडायचा.

पाथरवट आपापल्या दगडावर आपली खूण कोरत. कोणाची कात्री, कोणाचा मासा, कोणाचा नुसता बाण. माझ्या अंगावर अशा कितीतरी माणसांच्या खुणा आहेत. त्यांची नावे गेली, खुणा आहेत.

मला बांधताना किती विचार केला होता ते सांगितले नाही तर युसाफवर अन्याय होईल. माझे दार जमिनीवर नाही, दोन माणसे उंच आहे. खाली लाकडी शिडी लावायची, आणि वेळ आली की ती वर ओढून घ्यायची. किल्ल्याचा मुख्य दरवाजाही सरळ नाही. आत शिरले की लगेच डावीकडे वळावे लागते, म्हणजे ओंडका घेऊन धावत येणाऱ्यांचा जोर तिथेच मोडतो, आणि वरून छपरातल्या भोकांतून त्यांच्या डोक्यावर काय ओतायचे ते ओतता येते. माझ्या पोटाखाली पाण्याचे टाके आहे. त्याला आतून तांबड्या मातीचा गिलावा दिलेला आहे. पाणी झिरपत नाही आणि उन्हाळ्यातही दातांना लागेल इतके थंड राहते. माझ्या जंग्या, म्हणजे बाण सोडायच्या फटी, बाहेरून बोटभर दिसतात, आतून मात्र एक माणूस धनुष्य घेऊन आरामात उभा राहील इतक्या रुंद आहेत. आणि सर्वांत वर, दगडी लादणीचे छत असलेली एक मोठी खोली. तिच्या खिडकीत समोरासमोर दोन दगडी बाक आहेत. त्या खोलीमुळेच मला लोक 'शपथेचा बुरूज' म्हणू लागले.

कारण इथली रीतच तशी होती. किल्ला किल्लेदाराच्या मालकीचा नसतो. तो राजाचा असतो. नवा किल्लेदार माझ्या वरच्या खोलीत येऊन गुडघे टेकायचा, आपले दोन्ही हात जोडून राजाच्या माणसाच्या हातांत द्यायचा, आणि म्हणायचा की राजा रागात असो की लोभात, मागेल त्या दिवशी मी हा किल्ला त्याला परत देईन, आणि दुसऱ्या कोणाला देणार नाही. हे शब्द मोडले की माणूस गद्दार ठरायचा. मग त्याचे घर, जमीन, नाव सगळे जायचे, आणि त्याच्या मुलांशी कोणी सोयरीक करत नसे.

मी असे बरेच किल्लेदार पाहिले. काही आळशी, काही शूर, एक तर दिवसभर मासेच पकडायचा. पण मला सांगायचे आहे ते सुएरो यान्येसबद्दल.

सुएरो उंच, किडकिडीत आणि थोडा पोक काढून चालणारा माणूस होता. माझ्या दारातून आत येताना त्याचे डोके दर वेळी कमानीला आपटायचे, आणि तो दर वेळी माझी माफी मागायचा. दगडाची माफी मागणारा किल्लेदार मी दुसरा पाहिला नाही. त्याची बायको सांचा हुशार, बोलायला तिखट. आणि मुदपाकखान्यात होती तोदा. तिने सुएरोला लहानपणी अंगावर पाजले होते, त्यामुळे साऱ्या किल्ल्यात त्याला अरे-तुरे करणारी ती एकटीच.

त्या काळात दोन भावांत राज्यासाठी लढाई पेटली. सुएरोने शपथेचा शब्द दिला होता तो थोरल्याला. धाकट्याने एकेक गाव घेत पठार ओलांडले आणि सुगी आटोपल्यावर त्याचा सरदार लोपे ओर्दोन्येस आमच्या खडकाखाली नदीकाठी येऊन बसला. लोपे जाडजूड, लाल दाढीचा, मोठ्या आवाजाचा. त्याने माझ्यावर एकही दगड फेकला नाही. त्याने फक्त वाट अडवली आणि आपल्या माणसांना चुली मांडायला सांगितल्या. मला पाडता येणार नाही हे त्याला एका नजरेत कळले होते, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान वाटला. पण दगडाला भूक लागत नाही. माणसांना लागते.

आधी ताजे मांस संपले. मग डुकराचे खारवलेले मांस. मग हरभरे पाण्यासारख्या पातळ कालवणात तरंगू लागले. याच दिवसांत सांचा बाळंत झाली. मुलगी झाली, पण आई इतकी अशक्त की तिला मान उचलवत नव्हती. तोदाने तिला भांडेभर दाट रस्सा आणून पाजला, दुसऱ्या दिवशीही पाजला, आणि चौथ्या दिवशी सांचा उठून बसून नवऱ्यावर ओरडली. सगळ्यांना बरे वाटले. रस्सा कशाचा, हे त्या आनंदात कोणी विचारले नाही.

सुएरोने थोरल्या राजाकडे माणूस पाठवला होता. किल्ला परत घ्या, किंवा मदत पाठवा, किंवा मला शपथेतून मोकळे करा, एवढाच निरोप. नुन्यो नावाचा जुना शिपाई चोरदिंडीतून बाहेर पडून जायचा आणि हात हलवत परत यायचा. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा तो वरच्या खोलीत भिंतीला टेकून खालीच बसला.

"राजा डोंगर ओलांडून गेलाय," तो म्हणाला. "कुठे गेला ते सांगायलासुद्धा कोणी मागे नाही. त्याच्या वाड्यात शेळ्या बांधल्यात."

सुएरो खिडकीतल्या बाकावर बसला होता. समोरच्या बाकावर सांचा, मांडीवर मूल.

"मग आता?" तिने विचारले.

"लोपेला किल्ला द्यायचा नाही. मी शब्द दिलाय."

"बरं. नका देऊ. मग इथे बसून काय खायचं? तुमचा शब्द?"

"तेच बघतोय."

"बघा लवकर. या पोरीला दूध हवं, आणि दूध यायला मला जेवण हवं. खाली छत्तीस तोंडं आहेत."

सुएरोने खिडकीतून नदीकाठच्या चुलींकडे पाहिले. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूच हसू आले. "एक वाट आहे," तो म्हणाला. "जुनी रीत आहे. आजोबा सांगायचे."

ती रीत मलाही ठाऊक होती, पण माझ्या आयुष्यात ती कधी वापरलेली मी पाहिली नव्हती. किल्लेदाराने राजाला तीनदा कळवले आणि राजाने किल्ला ताब्यात घेतला नाही, तर किल्लेदाराला तो सोडून जाता येतो. शेजारच्या गावांतली माणसे साक्षीला बोलवायची. किल्ल्यात पीठ, मीठ, सिरका आणि सरपण ठेवायचे. आणि एक कुत्रा, एक मांजर, एक कोंबडा, जिवंत. कुत्रा राखणीला, मांजर धान्याला, कोंबडा दिवस उगवल्याची वर्दी द्यायला. ही तीन जनावरे ज्या घरात आहेत ते घर ओस पडलेले नाही, ते राजाचेच आहे, असे मानायचे. मग दरवाजे आतून लावून घ्यायचे, शेवटच्या माणसाने दोराने खाली उतरायचे, आणि किल्ल्या तटावरून आत फेकून द्यायच्या. किल्ला कोणाला दिला नाही. टाकूनही दिला नाही. शपथ शाबूत राहते.

"पीठ आहे थोडं," सुएरो बोटांवर मोजत म्हणाला. "मीठ आहे. सिरका तर भरपूर आहे, वाइनचाच झालाय. कुत्रा आहे. मांजर आहे." आणि तो जिना उतरून मुदपाकखान्याकडे निघाला. कमानीला डोके आपटले, पण त्या दिवशी माझी माफी मागायला तो विसरला.

तोदा कांद्याच्या साली निवडत होती.

"तोदा, कोंबडा कुठे आहे?"

"कोणता कोंबडा?"

"आपला. दुसरा कोणता?"

"असेल कुठेतरी. तू कशाला कोंबड्याच्या मागे लागलायस? किल्लेदार आहेस ना?"

"मला तो आत्ता हवाय."

तोदाने सालींची टोपली खाली ठेवली. "तो तुझ्या बायकोच्या पोटात गेला," ती म्हणाली. "आणि आता तुझ्या लेकीच्या. बोल, काय बोलायचंय ते."

सुएरो तिथेच चुलीपाशी बसला. "पण रोज पहाटे आरवतो तो? मी स्वतः ऐकतो."

"मी आरवते," तोदा म्हणाली. "तुला कळलं असतं तर तू जेवला नसतास. म्हणाला असतास, शेवटचा कोंबडा कापला म्हणजे आता संपलं. ओळखते मी तुला. म्हणून रोज लाकडाच्या वखारीमागे जाऊन आरवते. वाईट आरवते का?"

मित्रांनो, मला हे सगळे आधीपासून ठाऊक होते. ती वखार माझ्याच पायथ्याला टेकलेली होती. पण बुरुजाने ऐकावे आणि गप्प बसावे, हाच आमचा धर्म.

मागोमाग खाली आलेला नुन्यो हसू लागला तसा सुएरोने त्याच्याकडे असे बघितले की तो खोकू लागला. कोंबडी चालेल का, असे तोदाने विचारले. कोंबडीही नव्हती म्हणा. सुएरोने मान हलवली. कोंबडी दिवस उगवल्याचे सांगत नाही. रीतीत कोंबडा म्हटले आहे, तर कोंबडाच लागतो. एका जिवाचीही कमतरता राहिली तर साक्षीदार उद्या म्हणतील, याने किल्ला ओस टाकला. मग तो गद्दार, आणि ती तान्ही मुलगी गद्दाराची मुलगी.

वरच्या खोलीत सांचाने सगळे ऐकून घेतले. "कोणाला कळणार आहे?" ती म्हणाली. "आहे म्हणून सांगा. दरवाजे आतून बंद होणार. आरवणारं कोणीतरी आहेच की. तोदा आरवेल, मग उतरेल."

"शपथ पाळायला खोटं बोलू?"

"पोरीच्या तोंडाकडे बघा आणि मग बोला."

सुएरोने मुलीकडे बघितले. बराच वेळ बघितले. सांचाला वाटले तो वळेल. मला सुद्धा वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तटावरून लोपेला हाक मारली. आसपासच्या गावांतली जाणती माणसे साक्षीला बोलावली गेली. मेंढ्यांच्या कातड्याचे अंगरखे घातलेली ती माणसे खडकाखाली ओळीने उभी राहिली. मागे लोपेचे शिपाई. सुएरोने तीनदा कळवल्याचे सांगितले. नुन्योने देवाची आण घेऊन ते खरे म्हटले.

"पीठ?" साक्षीदारांतल्या सर्वांत वयस्कर माणसाने विचारले.

"आहे."

"मीठ, सिरका, सरपण?"

"आहे."

"कुत्रा?"

कुत्रा आपण होऊनच भुंकला.

"मांजर?"

नुन्योने मांजर उचलून तटावर धरले. त्याने नुन्योचा हात ओरबाडला.

"कोंबडा?"

सुएरोने क्षणभर डोळे मिटले. तटाच्या दगडावर त्याच्या बोटांचा जोर वाढला. तो दगड माझाच होता, म्हणून मला कळले.

"कोंबडा नाही," तो म्हणाला.

साक्षीदारांनी माना वर केल्या. मग लोपे ओर्दोन्येस मोठ्याने हसला. "अहो किल्लेदार, थट्टा करता का? रोज पहाटे आम्ही त्याच्या आरवण्यावर उठतो. घसा थोडा बसलेला आहे एवढंच."

तोदाने तटावरून डोके बाहेर काढले. "ती मी," ती म्हणाली. "आणि घसा बसणार नाही तर काय होणार? तुमच्या चुलींचा धूर सगळा इकडेच येतो."

त्यावर सगळे हसले, दोन्ही बाजूचे. साक्षीदारांतला एक म्हातारा तर काठी टाकून खाली बसला. पण हसू ओसरल्यावर जे उरले ते अवघड होते. कोंबडा नाही, म्हणजे वाट नाही. आता सुएरोला दोनच गोष्टी करता येत होत्या. आत उपाशी मरायचे, किंवा लोपेपुढे गुडघे टेकून किल्ल्या त्याच्या हातात द्यायच्या.

लोपेचा सरनोबत त्याच्या कानाशी आला. ते दोघे माझ्या अगदी पायथ्याशी उभे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मिळाला किल्ला," सरनोबत म्हणाला. "आजचा दिवस दम धरा. संध्याकाळपर्यंत तो हात जोडून खाली येतो. आपल्या राजाला हेच हवंय. नुसत्या भिंती नकोत, त्याच्या किल्लेदाराचे हात हवेत."

"हो," लोपे म्हणाला.

"मग असे गप्प का?"

लोपेने दाढी खाजवली. "नदीपलीकडे माझाही एक किल्ला आहे. तिथे आत्ता माझी बायको आहे आणि माझा कोंबडा आहे. मला वाटतं, आहे. चार महिने मी घरी गेलेलो नाही."

"त्याचा इथे काय संबंध?"

"तो म्हणू शकला असता की कोंबडा आहे. आपण मान्य केलं असतं. त्या बाईच्या आरवण्याला आपण फसलोच होतो. त्याने सांगितलं नसतं तर मी रीत पाळून त्याला वाट दिली असती आणि आत जाऊन मूर्ख ठरलो असतो." त्याने वर तटाकडे पाहिले. "खरं बोलल्याबद्दल माणूस गद्दार ठरला, असं माझ्या समोर झालं तर उद्या मी माझ्या किल्ल्यात कोणत्या तोंडाने बसू?"

"राजा विचारेल."

"विचारू दे. सांगेन की मी कोंबडा दिला."

आणि त्याने खरेच दिला. छावणीच्या मुदपाकखान्यातला मोठा तांबडा कोंबडा टोपलीत घालून, पायाला दोरी बांधून, तटाखाली आणून ठेवला. तो कोंबडा रागीट होता. आणणाऱ्याच्या मनगटावर त्याने दोनदा चोच मारली.

सुएरो टोपलीकडे बघत उभा राहिला. "हा तुमचा आहे," तो खाली म्हणाला. "शत्रूचा कोंबडा मी माझ्या राजाच्या किल्ल्यात कसा ठेवू?"

"अरे देवा," तोदा म्हणाली. तिने सरळ तटावरून दोर सोडून टोपली वर ओढून घेतली आणि कोंबड्याच्या पायाची दोरी हातात धरली. "ज्याच्या हाती दोरी त्याचा कोंबडा. सगळ्या बाजारात हेच चालतं. बघा, मलाही चोच मारली. घरचाच झाला."

साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिले. सर्वांत वयस्कर माणसाने मान डोलावली. "दोरी वर गेली," तो म्हणाला. "आम्ही पाहिलं."

लोपेने खालून ओरडून सांगितले, "फुकट नाही हं, किल्लेदार. कधी माझ्यावर अशी वेळ आली आणि खाली तुम्ही असलात, तर आठवण ठेवा."

"ठेवेन," सुएरो म्हणाला.

दुपारी माणसे बाहेर पडली. सांचा मुलीला छातीशी धरून गाडीत बसली. तोदाने पाठीवर आपली कढई घेतली होती, ती कोणाला द्यायला तयार नव्हती. लोपेच्या शिपायांनी बाजूला होऊन वाट दिली, आणि एकाने गाडीत पावाची लादी ठेवली. सुएरो एकटा मागे राहिला. त्याने कुत्र्यापुढे पाणी ठेवले, दरवाजांना अडसर घातले, माझी शिडी आत ओढून घेतली. मग वरच्या खोलीत येऊन त्याने खिडकीतल्या बाकावर हात फिरवला. आणि दोराने तो तटावरून खाली उतरला.

खाली पोचल्यावर त्याने किल्ल्यांचा जुडगा वर फेकला. तो तटावरून येऊन माझ्या अंगणात दगडावर पडला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

मित्रांनो, त्या दिवसापर्यंत माझ्यात माणूस नाही असे एकदाही घडले नव्हते. कोणी ना कोणी खोकत असायचे, कोणी भांडत, कोणी जिन्यावरून चालत. आता काही नाही. मला वाटले होते की मी ओस झालो. पण कुत्रा दरवाजाशी बसून राहिला. मांजर सुएरोच्या जागी, खिडकीतल्या उन्हात जाऊन झोपले. तांबडा कोंबडा मात्र एकेक पायरी चढत, प्रत्येक पायरीवर थांबून इकडेतिकडे बघत, थेट माझ्या माथ्यावर पोचला. दुसऱ्या दिवशी उजाडताना तिथे उभा राहून तो असा आरवला की खाली छावणीतले घोडे बिथरले. दूर रस्त्याच्या वळणावर मुक्काम केलेली सुएरोची गाडी मला दिसत होती. ती माणसे उठून उभी राहिली. सुएरोने टोपी काढली. मला त्याचा चेहरा दिसला नाही, पण तोदाने हात वर करून कोंबड्याला काहीतरी शिवी हासडली, ती वाऱ्यावर माझ्यापर्यंत आली. कदाचित ती कौतुकाची असेल.

लोपेने त्यानंतरच शिड्या लावल्या. किल्ल्या आत असल्यामुळे त्याला आपल्याच कोंबड्याच्या किल्ल्यात भिंतीवरून चढून यावे लागले. एक शिपाई कोंबड्यामागे सुरी घेऊन धावला तेव्हा लोपे ओरडला, "त्याला हात लावायचा नाही. इथे माझ्या आधीचा किल्लेदार तो आहे." तो कोंबडा माझ्या अंगणात म्हातारा होऊन मेला.

सुएरोवर पुढे थोरल्या राजाच्या लोकांनी गद्दारीचा आळ घेतला. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला सगळ्यांत आधी उभा राहिला तो लोपे ओर्दोन्येस. लाल दाढीवर हात ठेवून त्याने सांगितले की कोंबडा जिवंत होता आणि चावराही होता. सुएरोला निर्दोष ठरवले. त्याची मुलगी पुढे एका चांगल्या घरी पडली, असे एका वाटसरूने माझ्या सावलीत बसून सांगितले.

त्यानंतरचे माझे आयुष्य लवकर सांगून होते. सीमा दक्षिणेकडे सरकली आणि माझी गरज संपली. तोफा आल्या. एका राजवटीने सरदारांचे उंच बुरूज छाटायचा हुकूम काढला, तेव्हा माझ्या चर्या उतरवल्या. मग गावाने आपल्याला हवे तसे दगड नेले. एक दगड चर्चच्या पायरीत आहे, काही पुलात, काही डुकरांच्या गोठ्यात. मला त्याचा राग नाही. गावात उन्हाळ्यात कोणी भिंतीला पाठ टेकवून गारवा घेतो, तेव्हा तो माझाच गारवा घेत असतो. करकोच्यांनी माझ्या माथ्यावर काटक्यांचे मोठे घरटे केले. ते दर वर्षी येतात आणि भांडतात.

अलीकडे कोणीतरी माझ्या भेगेत सिमेंट भरले. हेतू चांगला होता. पण चुन्याची भिंत श्वास घेते, सिमेंट घेऊ देत नाही. ओल आत अडकते आणि दगड सोलून निघतात. आता माझ्याभोवती लोखंडी कुंपण घातले आहे, धोक्याची पाटी लावली आहे, आणि कुंपणाला कुलूप आहे. पाटीवर माझ्या दगडांचे वय लिहिले आहे. ते थोडे चुकले आहे, पण मी कोणाला सांगणार?

मित्रांनो, कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. मला जपायचे असेल तर कुलूप लावावेच लागेल. भेग बुजवायची असेल तर चुन्याने बुजवा, आणि त्याला वाळायला वेळ द्या. पण एक विनंती आहे. सुएरोकडे काही उरले नव्हते तेव्हाही त्याने मला रिकामे सोडले नाही. जाण्याआधी आत काहीतरी श्वास घेणारे असले पाहिजे, यासाठी तो आपले नाव गमवायला तयार झाला होता. तुमच्या गावाबाहेर एखादी जुनी भिंत, विहीर, वेस असेल, तिला तुम्ही फक्त पाटी लावून परत फिरू नका. अधूनमधून तिथे जा. टाक्यातला गाळ काढा, पाकोळ्यांची घरटी मोडू नका, तुमच्या शाळेतली दोन मुले तिथे बसून डबा खाऊ देत, भांडू देत, हसू देत.

आज सकाळी कुंपणाच्या फटीतून एक शेळी आत आली. राखणदारीण पिलार तिला हाकलायला कुलूप उघडून आली, थोडी धावली, दमली, आणि माझ्या पायथ्याशी सावलीत बसली.

"बस," ती शेळीला म्हणाली. "तूही बस. घाई कुणाला आहे?"

मग दोघी बराच वेळ बसून राहिल्या.